जनी बाहेर होती

हेप्झिबाबाईंनी दार लोटून कडी घातली, पाठ दाराला टेकवली आणि मुलं मोजायला सुरुवात करणार तेवढ्यात बाहेरून थाप पडली.

“बाई.”

आवाज हळू होता. वर्गात शिरायची परवानगी मागताना असतो तसा.

रस्त्यावरून कोणीतरी अजून ओरडत होतं, “पिसाळलाय! पोरं आत घ्या, पोरं आत घ्या!” तो ओरडा ऐकूनच बाईंनी ओटीवर पाढे म्हणत बसलेला तिसरीचा वर्ग हाताला लागेल तसा आत ढकलला होता. कुंपणाच्या पडक्या भागातून शिरलेला कुत्रा त्यांनी पाहिला होता. पिवळा, मान एका बाजूला कललेली, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. तो धावत नव्हता. सरळ चालत होता, आणि वाटेत आला म्हणून पेरूच्या खोडाला कडकडून चावून पुढे निघाला होता.

पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी जनीला फळा पुसायचं फडकं भिजवून आणायला मागच्या रांजणाकडे पाठवलं होतं. हे त्यांना आत्ता आठवलं.

“बाई, मी जनी हाय.”

दार का उघडत नाही, याचं तिला एवढंच कारण सुचलं असावं. आपण कोण ते बाईंना कळलेलं नाही.

दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. बाईंनी वळून तिला डोळा लावला. जनीची लाल रिबीन दिसली, हातातलं फडकं दिसलं, त्यातून पाणी गळत होतं. तिच्या मागे कुत्र्याने ओटीच्या पायरीवर पुढचे दोन्ही पाय ठेवले होते. मधलं अंतर सहा हात असेल. कदाचित चार. नंतर पुष्कळ दिवस शाळा सुटल्यावर बाई ते पावलांनी मोजून पाहत, आणि प्रत्येक वेळी वेगळं भरे.

त्यांचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

“बाई, ती जनी हाय!” मागून दादू ओरडला. दादू जनीचा थोरला भाऊ. मागच्या वर्षी नापास झाल्यामुळे बहिणीच्या वर्गात बसलेला, दहा वर्षांचा, खांद्याने रुंद. मुलांना तुडवत तो दारापाशी आला आणि त्याने कडीवर झेप घातली. बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्याने मान खाली घालून त्यांच्या हाताचा चावा घेतला. दात आत गेलेले त्यांना कळले. मग त्यांनी दुसरा हात उगारला आणि त्याच्या तोंडावर मारलं. आयुष्यात त्यांनी कोणाला इतक्या जोराने मारलं नव्हतं. दादू मागे कोलमडला, टेबलाच्या पायावर आपटला आणि खाली पडला. तो पुन्हा येईल म्हणून बाईंनी एक हात त्याच्या दिशेने रोखून धरला आणि डोळा परत फटीला लावला.

कुत्रा भुंकला नाही. आधी कापड फाटल्याचा आवाज झाला, मग जनीची किंकाळी, आणि मग तिचं अंग दारावर आदळलं. फळ्या बाईंच्या कपाळाला लागल्या. दार एकदा, दोनदा, तीनदा हादरलं. आत दाराशी बसणारा शिवा मोठमोठ्याने रडत बाराचा पाढा म्हणत होता. बारा त्रिक छत्तीसवरून तो पुढे जात नव्हता.

शाळेचा शिपाई काशिराम मागून पहार घेऊन आला. पहिला घाव ओटीच्या फरशीवर बसला आणि ठिणगी उडाली. दुसरा कुत्र्याच्या कमरेत बसला. कंबर मोडली तरी त्याने जनीचा हात सोडला नाही; मागचं अंग फरफटवत तो तिला ओढत राहिला. काशिरामाने त्याच्या मानेवर पाय दिला आणि पहारेचं टोक दोन्ही हातांनी डोक्यात घातलं. मग पुन्हा घातलं. नंतरचे चार-पाच घाव मेलेल्या जनावरावर होते, पण त्याला थांबता येत नव्हतं.

“उघडा, बाई,” शेवटी तो म्हणाला. “मेला.”

बाईंनी कडी काढली. जनी उंबऱ्याला टेकून बसली होती. उजव्या हाताचं कोपराखालचं मांस उघडं पडलं होतं. तिने वर पाहिलं आणि डाव्या हातातलं फडकं पुढे केलं. ते अजून ओलं होतं.

*

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात बाईंचे यजमान सॅम वाक्रुळकर कंपाउंडर होते. जनीला त्यांनीच टेबलावर दाबून धरलं. डॉक्टरांनी काचेच्या कांडीने जखमेत कार्बोलिक अ‍ॅसिड घातलं तेव्हा खोलीत करपल्यासारखा वास आला आणि मुलीचं अंग धनुष्यासारखं उचललं गेलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता. काय झालं म्हणून सॅमनी नजरेने विचारलं. त्यांनी मान हलवली.

गंगाबाई मासळीबाजारातून धावत आली. दंडापर्यंत खवले चिकटलेले, पाटी कुठे टाकली तिला ठाऊक नव्हतं. हेडमास्तरांनी तिला दारातच थोपवलं.

“घाबरू नका. मुलगी शुद्धीवर आहे. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. लस उद्या ठाण्याहून येईल. आणि देवाची कृपा समजा, बाईंनी प्रसंगावधान राखलं. बत्तीस मुलं आत घेऊन दार लावलं. नाहीतर आज काय झालं असतं!”

गंगाबाईने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिने जनीच्या पायाला हात लावला. मग बाकावर बसलेल्या दादूकडे तिचं लक्ष गेलं. त्याचा ओठ फुटून सुजला होता.

“ह्याला पन चावला?”

दादू जमिनीकडे बघत राहिला.

“नाही,” हेप्झिबाबाई म्हणाल्या. “त्याला नाही चावला.”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी गरम पाणी मागितलं आणि ते आणायला त्या बाहेर गेल्या.

*

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गंगाबाई जनीला घेऊन दवाखान्यात येऊ लागली. बाई त्या वेळी शाळेत असत. संध्याकाळी सॅम जेवायला बसले की न विचारता सांगत.

“आज पाचवं. बेंबीच्या डावीकडे टोचलं. पोट दगडासारखं झालंय पोरीचं.”

“रडली?”

“नाही. आईचा अंगठा चावते.”

बाईंनी ताटात भात वाढला.

“हेप्झी, तू दार उघडलं असतंस तर मला रोज किती पोटं टोचावी लागली असती, सांग.”

“मला नाही माहीत.”

“मला आहे.”

“तुमचा हिशोब बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण तिने मला नाव सांगितलं होतं, सॅम. आपण कोण ते सांगितलं होतं.”



शाळेत बंदोबस्त सुरू झाला. कुंपणाचं खिंडार काटे लावून बुजवलं. तास चालू असताना प्रत्येक वर्गाची कडी आतून लावायची असा हेडमास्तरांचा हुकूम निघाला. नगरपालिकेची माणसं दंडुके घेऊन गल्लोगल्ली फिरली. मधल्या सुट्टीत ती शाळेतही आली. मोरीमागे एक काळी कुत्री व्याली होती. मुलं तिला भाकरीचे तुकडे घालत. तिला त्यांनी भिंतीशी कोंडून मारलं आणि पिल्लं पोत्यात घालून पोतं दोनदा दगडावर आपटलं. काही मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी ओकली. दादू पेरूच्या झाडाखाली उभा राहून शेवटपर्यंत बघत होता.

तो रोज शाळेत येत होता, पण बोलत नव्हता. हजेरीला हात वर करायचा. बाईंच्या तोंडाकडे एकदाही पाहायचा नाही. त्या जवळ गेल्या की तो अंग आवळून घ्यायचा. तो आपला तिरस्कार करतो, असं बाई समजल्या, आणि त्यांना ते योग्यच वाटलं.

शनिवारी शाळेच्या पटांगणात शालेय समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी बाईंना नारळ आणि लुगडं दिलं. भाषणात ‘धैर्य’ हा शब्द चारदा आला. नारळ हातात घेऊन बाई उभ्या राहिल्या. समोर रांगेत बसलेली मुलं टाळ्या वाजवत होती. मला काही सांगायचं आहे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण अध्यक्ष हात जोडून पुढच्या कार्यक्रमाला निघालेही होते.

सभा मोडल्यावर मुलांनी ओटीवर खेळ मांडला. हा खेळ गेले काही दिवस चालला होता, बाईंना तो ठाऊक नव्हता. एकजण कुत्रा व्हायचा, एकजण बाई व्हायचा, एक मुलगी जनी. त्या दिवशी शिवा बाई झाला होता. तो दार धरून उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, “कोन हाय? आमी नाय उघडनार!”

सगळी हसली. दादू मागून आला आणि त्याने पाटी शिवाच्या डोक्यात घातली. चौकट तुटली, दगडाचा तुकडा कानावर लागला, कान लोंबला. शिवा खाली पडल्यावर दादू त्याच्या छातीवर बसला आणि राहिलेल्या तुकड्याने मारू लागला. काशिरामाने त्याला केसांना धरून उचललं, तेव्हाही त्याचा हात वर-खाली होत होता.

हेडमास्तरांनी वेताची छडी मागवली. “दोन्ही हात पुढे कर.”

दादूने हात पुढे केले. एरवी मुलं छडी पडायच्या क्षणी हात मागे घेतात. त्याने घेतला नाही. पाचव्या छडीला तळहात फुटला. बाई म्हणाल्या, “पुरे, सर.”

“पुरे कसं? दुसऱ्याच्या मुलाचा जीव गेला असता. शाळेत मुलं सुरक्षित राहायला हवीत ना, बाई? तुम्हालाच सांगायला हवं का?”

सहावी पडली. सातवीला बाई मध्ये आल्या. छडी त्यांच्या खांद्यावर बसली. हेडमास्तर दचकून मागे सरले, छडीकडे बघत राहिले, मग ती टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. दादू तोवर दाराबाहेर गेला होता. कुंपणाच्या काट्यांतून तो सरळ निघून गेला.

सोमवारी तो आला नाही. नंतरही आला नाही.

*

चौदा इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे वाट पाहायला सांगितलं. ताप आला, पाणी बघून घशाला आचका बसला, तर लगेच आणा, म्हणाले. ते सहा आठवडे बाईंनी कसे काढले ते सॅमनाच माहीत. घरात पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला तरी त्या वळून बघत. शुक्रवारी रात्री शब्बाथची प्रार्थना म्हणताना त्या मध्येच अडखळत आणि सॅमना पुढचा शब्द सांगावा लागे.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचली. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरी न जाता खाडीकडे उतरल्या.

गंगाबाई ओट्यावर विळी घेऊन बसली होती. शेजारी बोयर माशांचा ढीग होता. तिने बाईंना पाहिलं, पण उठली नाही. पायाने एक पाट पुढे सारला. जनी आतल्या दारात आली, बाईंना पाहून लाजली आणि परत आत पळाली. तिच्या हातावर तांबडा, चुण्या पडलेला व्रण होता.

बाई पाटावर बसल्या नाहीत.

“गंगाबाई, त्या दिवशी मी दार लावलं तेव्हा जनी बाहेर होती. दाराशी होती. तिने मला हाक मारली, नाव सांगितलं. मला ऐकू आलं. मी उघडलं नाही. दादू उघडायला आला, त्याला मी मारलं. त्याचा ओठ माझ्या हाताने फुटला. हे मी तुम्हाला दवाखान्यातच सांगायला हवं होतं.”

गंगाबाईने एका बोयराचं डोकं विळीवर दाबून कापलं. मग दुसऱ्याचं.

“ठाव हाय मला. जनीनं त्याच दिशी सांगितलं.”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोलायला नव्हते येनार. ही विळी घिऊन निघालेले तुमच्या घराकडं.” ती सहज बोलल्यासारखं बोलली. “टपाल हापिसापरयंत आले. तिथून परत फिरले.”

गंगाबाईने मासळी बाजूला सारली आणि हात लुगड्याला पुसले.

“आत माजा दादू व्हता ना. एक पोर आत, एक बाहेर. दाराच्या कुठल्या बाजूनं तुमाला मारू? तिथंच हुबी ऱ्हायले नि इचार केला, मी असते तर काय केलं असतं. मला काय सुचलंच नाय. अजून नाय सुचत.” तिने परत विळी ओढून घेतली. “जनी सोमवारी येल शाळंत. सकाळपासून पाटी घासते. दादू नाय येनार. मारला, उपाशी ठेवला, तरी नाय. तुमी बघा तुमाला काय बोलतो तर. खाडीवर हाय, काकाच्या होडीपाशी.”

*

ओहोटी होती. होडी चिखलात एका कुशीवर कलली होती आणि दादू तिच्या बुडाला चिकटलेली कालवं लोखंडी पट्टीने खरवडत होता. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. बाई चपला हातात घेऊन चिखलातून तिथवर आल्या, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि परत खरवडू लागला. काका डांबर आणायला गावात गेला होता.

“मी तुझ्या आईला सगळं सांगितलं,” बाई म्हणाल्या.

पट्टीचा आवाज चालू राहिला.

“तू माझ्यावर रागावलास ते बरोबर आहे. दार उघडायला हवं होतं की नको, ते मला अजून कळत नाही. पण तुला मारायला नको होतं मी. त्याबद्दल मला...”

“मला लागलं नव्हतं,” दादू म्हणाला.

आठ आठवड्यांत तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला होता.

“ओठ फुटला होता तुझा.”

“फुटला. पन लई नाय लागलं.” त्याने एक कालव पट्टीने उपटून चिखलात फेकलं. “उठता आलं असतं.”

बाईंना आधी समजलं नाही.

“तुमी हात असा धरलेला. मी परत यीन म्हनून.” त्याने स्वतःचा हात तसा धरून दाखवला. “मी तुमाला परत चावलो असतो. ढकलली असती. तुमी बारीक हाव. मला ठाव व्हतं, मी ढकलू शकतो. तिचा आवाज येत व्हता. मी टेबलाखाली पडून ऱ्हायलो. डोळं मिटलं नि पडून ऱ्हायलो.”

त्याचा आवाज फुटला नाही. तो पाठ केलेलं सांगावं तसं सांगत होता. किती वेळा त्याने हे स्वतःला म्हणून दाखवलं असेल, असं बाईंच्या मनात आलं, आणि घरून जुळवून आणलेली सगळी वाक्यं त्यांच्याजवळून निघून गेली.

“जनी सगळ्यांना सांगते,” तो म्हणाला, “माजा दादू दार उघडत व्हता. बाई अडवत व्हती, तरी उघडत व्हता. बाजारात सांगते. रोज सांगते.” मग पहिल्यांदा त्याने त्यांच्याकडे पाहिलं. “तिच्या बाजूला कसा बसू मी?”

बाईंनी हात त्याच्या डोक्याकडे नेला. त्याने अंग आवळून घेतलं. त्यांनी हात परत घेतला.

“जनीला सांगू नका.”

“नाही सांगणार.”

“आयला पन नाय.”

“कोणालाच नाही.”

लांबवर चिखलाचा रंग बदलू लागला होता. दादूने तिकडे एकदा पाहिलं, पट्टी होडीत टाकली आणि हात चड्डीला पुसले.

“तुमी कुठून आलाव?”

बाईंनी आल्या ती बांधाकडची वाट दाखवली.

“तिथून नका जाऊ. भरती लागली. तिकडं पाय आत जातो, मानूस निघत नाय.” तो दोन पावलं पुढे झाला. “माज्या मागं या. मी टाकतो तिथंच पाय टाका.”

तो पुढे चालू लागला. दर पावलाला टाचेने चिखल दाबून बघत होता, मग अंग त्यावर टाकत होता आणि मागे वळून त्या येईपर्यंत थांबत होता. एका जागी तो मांडीपर्यंत रुतला. पाय ओढून काढला आणि डावीकडून वळसा घेतला. बाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं होतं. त्याच्या पावलांच्या ठशांत पाणी भरत होतं, ते ठसे विरायच्या आत त्या त्यांवर पाय देत होत्या. पक्क्या बांधावर चढायला त्याने हात दिला नाही. एक दगड मात्र पायाने हलवून पाहिला आणि मान डोलावली.

बाई वर चढल्या. “सोमवारी?” त्यांनी विचारलं.

दादूने पाण्याकडे बघितलं. होडी तरंगायच्या आत तिला दोर बांधायला हवा होता. तो आल्या वाटेने माघारी फिरला. पाणी आता त्याच्या गुडघ्यांना लागत होतं. बाई ओल्या लुगड्यात बांधावर उभ्या राहिल्या, आणि तो पलीकडे होडीला हात लावेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.